पैसे देऊन आंघोळ

आंघोळ ही मराठी घरात उरकायची गोष्ट असते. लग्नकार्यात ती उरकायची असते, प्रवासात उरकायची असते, नळाला पाणी आहे तोवर तर उरकायचीच असते. "आंघोळ उरकून घे, म्हणजे बाथरूम मोकळी होईल" हे वाक्य ज्या घरात रोज सकाळी ऐकू येत नाही, ते घर मराठी नव्हे, किंवा त्या घराला दोन बाथरूम तरी आहेत. दिवाळीची पहिली आंघोळ सोडली तर आपण या प्रकाराकडे सोहळा म्हणून कधी पाहिलेलं नाही. तीही आपण पहाटे पाचला, धड जाग यायच्या आत, उरकूनच टाकतो. अशा संस्कारांतला माणूस इस्तंबूलमध्ये जाऊन आंघोळीसाठी युरो मोजतो, तेव्हा त्याच्यामागे काहीतरी जबरदस्त कारण असावं लागतं. माझ्यामागे बायको होती.

टूरच्या कार्यक्रमपत्रिकेत 'पारंपरिक तुर्की हमाम – ऐच्छिक, खर्च वेगळा' अशी ओळ होती. या ओळीवर बसमध्ये जेवढी चर्चा झाली तेवढी हागिया सोफियावर झाली नाही. हागिया सोफिया दीड हजार वर्षांची आहे, हे सगळ्यांनी मान हलवून मान्य केलं. हमामबद्दल मात्र प्रत्येकाला शंका होत्या. एका निवृत्त बँक मॅनेजरांनी युरोंचे रुपये केले, आलेल्या आकड्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि जाहीर केलं, "एवढ्यात घरी गीझर बसतो. पाच वर्षांच्या गॅरंटीचा." डोंबिवलीच्या एका काकूंना पैशांची अडचण नव्हती. "पण अंग चोळणार कोण आणि कशानं, हे कुठे लिहिलंय का?" असा त्यांचा मुद्दा होता. नागपूरच्या एका गृहस्थांनी आत तापमान किती असतं ते विचारलं. गाइड म्हणाला, चाळीसच्या वर. "आमच्याकडे मे महिन्यात हे फुकट मिळतं," असं म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले.

"मी जाणार आहे, आणि तुम्हीही येताय," बायको म्हणाली. या वाक्यात प्रश्नचिन्ह कुठेच नव्हतं. बँक मॅनेजरही शेवटी आले, ते ग्रुप डिस्काउंटमुळे. डिस्काउंटसाठी घासाघीस त्यांनीच केली होती. ती इतकी यशस्वी झाली, की मग न जाणं म्हणजे आपणच मिळवलेली सवलत वाया घालवणं झालं असतं. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला ते जमण्यासारखं नव्हतं.

आता, ज्या शहरानं आंघोळीसाठी घुमट बांधले, त्या शहराच्या आंघोळीबद्दलच्या कल्पना आपल्यापेक्षा वेगळ्या असणार हे उघड आहे. मिमार सिनान हा ऑटोमन साम्राज्याचा मुख्य वास्तुकार. जवळजवळ 50 वर्षं तो त्या पदावर होता. सुलेमानिये मशीद त्याचीच. त्याच सिनाननं हागिया सोफियासमोर सुलतान सुलेमानच्या बेगमेसाठी, हुर्रेम सुलतानसाठी, 1556 मध्ये हमाम बांधला, आणि 1584 मध्ये नूरबानू सुलतानच्या वतीनं चेंबरलिताशचा. बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी, दोन्हीकडे घुमट, दोन्हीकडे संगमरवर. आपल्याकडे मोठमोठे टॉवर बांधणाऱ्या एखाद्या नामवंत आर्किटेक्टला सार्वजनिक स्नानगृहाचं काम सांगून पाहा. तो तुम्हाला नम्रपणे वॉर्ड ऑफिसचा पत्ता देईल.

यात नुसती हौस नव्हती, हिशेबही होता. हमामचं उत्पन्न धर्मादाय कामाला लावलेलं असे. चेंबरलिताशच्या हमामचा पैसा नूरबानूनं पलीकडच्या किनाऱ्यावर, उस्कुदारला उभारलेल्या मशीद, मदरसा आणि अन्नछत्राच्या संकुलासाठी होता. जाआलोलूचा प्रसिद्ध हमाम सुलतान महमूद पहिला यानं 1741 मध्ये बांधला, तो हागिया सोफियातल्या त्याच्या ग्रंथालयाचा खर्च भागावा म्हणून. म्हणजे लोकांच्या अंगावरच्या मळावर ग्रंथालय चालत होतं. आपल्या सार्वजनिक वाचनालयांचे चिटणीस वर्षानुवर्षं अनुदानासाठी मंत्रालयात हेलपाटे घालतात. मळ आपल्याकडेही मुबलक आहे, हे त्यांना कोणी सुचवलेलं दिसत नाही. पुढे 1768 मध्ये सुलतान मुस्तफा तिसरा यानं शहरात नवे मोठे हमाम बांधायला मनाई केली, कारण पाणी आणि सरपण दोन्ही पुरेना. जाआलोलू त्यामुळे मोठ्या हमामांच्या पंगतीतला शेवटचा ठरला.

मी गेलो त्या हमामचं नाव मात्र सांगत नाही. चांगलं लिहिलं तर जाहिरात वाटेल. वाईट लिहिलं, तर तिथला अंग चोळणारा मला पुन्हा भेटण्याची शक्यता, कितीही कमी असली तरी, मला परवडणारी नाही. जुना आहे, घुमटाचा आहे आणि अजून चालू आहे, एवढं पुरे.

दारातून आत गेलं की लागतो तो जामेकान, म्हणजे कपडे बदलायचा दिवाणखाना. मधोमध कारंजं, भोवती दोन मजली लाकडी खोल्या. इथे एक माणूस तुमच्या हातात लाल चौकड्यांचं एक पातळ कापड ठेवतो आणि निघून जातो. हे पेश्तेमाल. आयुष्यभर पट्ट्याच्या भरवशावर वावरलेल्या माणसाला कापडाच्या एका गाठीवर विश्वास ठेवून परक्या देशात चालायला सांगणं हा कसोटीचा प्रसंग असतो. मी गाठ मारली. तिच्यावर आणखी एक मारली. शेजारच्या खोलीतून बँक मॅनेजर बाहेर आले तेव्हा त्यांनी कमरेशी एका हातानं पेश्तेमाल धरलं होतं आणि दुसऱ्या हातात पासपोर्टाची पिशवी होती. ती त्यांच्याकडून लॉकरमध्ये ठेवून घ्यायला हमामच्या माणसाला बरेच कष्ट पडले. चष्मा मी स्वतःहून ठेवला. आत वाफेनं तो निरुपयोगी होणार हे कळत होतं.

जुन्या काळी पायांत लाकडी खडावा असत. त्यांना नालिन म्हणतात. श्रीमंत घरच्या बायकांच्या नालिनांवर शिंपल्याचं जडावकाम असे आणि उंची अशी की पाय साबणाच्या पाण्याला लागूच नयेत. आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकच्या सपाता मिळतात. ओल्या संगमरवरावरून दोन्हींतली कुठलीही घालून चालणारा माणूस सारखाच दिसतो. खांदे वर, नजर खाली, आणि चेहऱ्यावर 'मी घसरलेलो नाही, घसरणारही नाही' असा निर्धार.

मधल्या कोमट खोलीत अंगाला थोडी सवय करून घेतली की मग हरारेत. हे मुख्य दालन. वर मोठा घुमट आणि घुमटात गोल गोल भोकं, त्यांवर काचेची जाड भिंगं. त्यांतून उन्हाचे खांब वाफेत तिरपे उतरतात. हे दृश्य खरोखर सुंदर आहे. मला चष्म्याशिवाय ते धूसर दिसलं, पण फोटोत सगळ्यांना धूसरच दिसतं. मध्ये ग्योबेकताशी, म्हणजे बेंबीचा दगड, हा संगमरवरी चौथरा. खालून तापवलेला. त्यावर आठ-दहा माणसं माशांसारखी पसरलेली. आपणही जाऊन पसरायचं आणि घाम फुटेपर्यंत गप्प राहायचं.

हा दगड तापतो कसा, हे मी गाइडला आधीच विचारून ठेवलं होतं. उष्णतेशी सामना असला की तिचा उगम माहीत असलेला बरा. मूळ युक्ती रोमन लोकांची. हमामच्या मागे भट्टी, तिचं नाव क्युलहान. तिच्यावर पाणी तापवायचा तांब्याचा हंडा. भट्टीतली आग आणि धूर दालनाच्या फरशीखालच्या पोकळीतून फिरवायचा आणि भिंतींतल्या नळ्यांतून वर सोडून द्यायचा. फरशीखालच्या त्या पोकळीला तुर्की लोक जेहेन्नेमलिक म्हणतात. म्हणजे आपण शब्दशः जहन्नमच्या छपरावर पाठ टेकून पडलेलो असतो, आणि त्याचे पैसे आगाऊ भरलेले असतात. हिवाळ्यात शहरातली निराधार पोरं त्या भट्टीच्या उबेला झोपायला येत. त्यांच्यातूनच गल्लीबोळांत दादागिरी करणाऱ्या टोळ्या तयार झाल्या, आणि 'क्युलहानबेयी' ही तुर्की भाषेत गुंडाची कायमची उपाधी झाली. आता बहुतेक ठिकाणी लाकडं जाऊन गॅस आला आहे. ऊब तीच आहे, गुंडगिरी मात्र इतरत्र हलली आहे.

या दगडावर पडल्या पडल्या मला आपल्याकडच्या राजकीय स्तंभलेखकांची आठवण झाली. कुठलाही घोटाळा निघाला की ते 'हमाम में सब नंगे' असं लिहितात. यांतला एकही जण तुर्की हमामात गेलेला नसावा. इथे पुरुषाच्या कमरेचं पेश्तेमाल कुठल्याही परिस्थितीत सुटता कामा नये असा दंडक आहे. अंग चोळणारा तुम्हाला उलटा करो, सुलटा करो, तुमच्यावर हंडाभर पाणी ओतो, कापडाची मर्यादा तो तुमच्यापेक्षा काटेकोरपणे सांभाळतो. हमामात सगळे झाकलेले असतात. उघडा पडतो तो फक्त हुद्दा. चष्मा, घड्याळ, पेन, मोबाइल, गाडीची किल्ली या सगळ्या गोष्टी बाहेर राहिल्यावर आपण कोण आहोत, हे समोरच्याला कळायला काही मार्गच उरत नाही. बँक मॅनेजर दगडावर माझ्या शेजारी पडले होते. दोन-तीनदा त्यांचा हात छातीवरच्या खिशाकडे गेला. खिसा नव्हता.

मग तेल्लाक आला.

तेल्लाक म्हणजे अंग चोळणारा. बायकांच्या बाजूला असते ती नातिर. माझा तेल्लाक वयानं माझ्या आसपासचा असावा, पण ते त्याच्या दंडांना कोणी सांगितलेलं नव्हतं. भरघोस पांढऱ्या मिशा, गोल पोट, आणि हाताचे तळवे इतके रुंद की त्याला दुसऱ्या हत्याराची गरज का पडावी हे कळेना. त्यानं माझ्या खांद्यावर एक थाप मारली. ती थाप म्हणजे नमस्कार होता. पाठोपाठ दुसरी मारली, ती म्हणजे पालथे व्हा.

तेल्लाकाशी वाद घालू नये, हे ऑटोमन साम्राज्य 1730 मध्ये शिकलं. पात्रोना हलील नावाचा एक माजी जानिसारी सैनिक होता. त्यानं जुने कपडे विकले होते, हमामात तेल्लाकीही केली होती. करांना आणि दरबारी चैनीला विटलेल्या लोकांना गोळा करून त्यानं इस्तंबूलमध्ये बंड केलं आणि सुलतान अहमद तिसरा याला चक्क गादी सोडावी लागली. त्याच्या जागी आला पुतण्या, महमूद पहिला. नव्या सुलतानानं दोन महिन्यांच्या आत हलीलला ठार करवलं. आणि 11 वर्षांनी याच महमूदनं तो जाआलोलूचा देखणा हमाम बांधला. एका तेल्लाकाच्या कृपेनं सिंहासन मिळालेल्या माणसाला पुढे शहरातल्या तेल्लाकांची आणखी सोय करावीशी वाटली, हे कृतज्ञतेपोटी की धास्तीपोटी, याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. मी पालथा झालो.

त्यानं हातात केसे चढवला. केसे म्हणजे खरखरीत विणीचा, बोटं नसलेला हातमोजा. घाम येऊन कातडीचा वरचा मेलेला थर फुगलेला असतो, तो या मोज्यानं निघतो. साबण नाही, तेल नाही, नुसता मोजा आणि मनगट. मानेपासून टाचेपर्यंत एक लांब फराटा, मग परत. मधल्या मणक्याला तो वळसा घालत नाही, त्याच्यावरूनच जातो. गाइडनं मला 'यवाश' असा एक शब्द शिकवून ठेवला होता. अर्थ, हळू. तो मी उच्चारला. तेल्लाकाच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. "यवाश, यवाश," असं तोही प्रेमानं म्हणाला आणि पूर्वीच्याच जोरानं घासत राहिला. परदेशी पाहुणा आपली भाषा बोलतो, एवढंच त्याला कौतुक.

थोड्या वेळानं त्यानं माझा दंड धरून माझ्याच डोळ्यांसमोर आणला. चष्मा नव्हता, तरी दिसलं. दंडावर करड्या रंगाच्या बारीक वळकट्या जमल्या होत्या. बारीक म्हणजे अगदी बारीक नाही. पेन्सिलच्या शिशाएवढ्या जाड, आणि काही ठिकाणी पाऊण इंच लांब. तेल्लाकानं भुवया उंचावल्या. मी रोज आंघोळ करतो, हे मला त्याला सांगायचं होतं. सकाळीच हॉटेलात केली होती, हेही सांगायचं होतं. साबणाचं नाव सुद्धा सांगितलं असतं. पण पुरावा माझ्या दंडावर होता आणि साक्षीदार तोच होता. त्यानं बोटानं एक वळकटी उचलली, उजेडात धरली, आणि कारागिरानं काम दाखवावं तशी मला दाखवली. मग सगळ्या वळकट्यांवर त्यानं पाणी मारलं, आणि माझ्या आयुष्यातली कित्येक वर्षं संगमरवरी पन्हळीतून निघून गेली.

पलीकडे बँक मॅनेजरांचं चाललं होतं. ज्या गृहस्थांनी आठवडाभर प्रत्येक वेटरला चहा कसा करावा हे समजावून सांगितलं होतं, ते आता 'सिट', 'टर्न', 'हेड डाउन' अशा आज्ञा शाळकरी मुलाच्या तत्परतेनं पाळत होते. एकदाच त्यांनी बाणेदारपणे मान वर केली आणि "माय फ्रेंड, सोप इज इनफ..." असं सुरू केलं. वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्यांच्या डोक्यावर तासभर पाणी पडलं. तासभर म्हणजे घड्याळातला तास नव्हे, हमामातला तास. तास म्हणजे तांब्याचं पसरट भांडं.

या तासात आणि कुर्नात मला पहिल्यांदा आपलेपणा वाटला. कुर्ना म्हणजे भिंतीलगतचं संगमरवरी कुंड. वर दोन नळ, एक गरम, एक गार. कुंडाला खाली भोक नसतं. पाणी भरून वाहत राहतं आणि त्यातून तासानं घेऊन अंगावर ओतायचं. साचलेल्या पाण्यात बसणं म्हणजे स्वतःच्या मळात बसणं, असं इस्लामी शुचितेचं म्हणणं, म्हणून रोमन स्नानगृहांतले मोठाले हौद तुर्कांनी बहुतेक काढूनच टाकले. सगळी दुनिया टबात लोळत असताना एवढं मोठं साम्राज्य सहाशे वर्षं आपल्या बादली-तांब्याच्या बाजूनं उभं होतं, हे आपल्याला कोणी सांगितलंच नाही. पंचतारांकित हॉटेलातल्या टबात उभं राहून प्लॅस्टिकच्या डस्टबिननं अंगावर पाणी घेणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या पाठीशी सिनान उभा आहे.

मग फेस. साबणाच्या पाण्यात एक कापडी पिशवी बुडवायची, ती हवेत फिरवून फुगवायची आणि वरून खाली पिळत आणायची. पिशवीतून जो फेस निघतो तो एवढा की क्षणात तेल्लाक दिसेनासा झाला, दगड दिसेनासा झाला, मी स्वतः दिसेनासा झालो. या फेसातून आवाज आला, "हिंदिस्तान?" मी हो म्हणालो. तेल्लाक एकदम खूश. त्यानं गुणगुणायला सुरुवात केली. राज कपूरचा 'आवारा' 1951 चा. तो तुर्कस्तानात तुफान चालला होता आणि त्याचं शीर्षकगीत तिथल्या जुन्या पिढीच्या ओठांवर अजून आहे. मलाही ते येत होतं. दोन पिढ्यांपूर्वीचा एक हिंदी सिनेमा इस्तंबूलच्या एका घुमटाखाली फेसातून दोन आवाजांत गायला गेला. घुमटात आवाज उत्तम घुमतो. फक्त गाण्याची लय धरून तो माझ्या बरगड्या रगडत होता आणि समेवर प्रत्येक वेळी एक जोरदार थाप पडत होती, त्यामुळे माझा सूर तिथे थोडा चढत होता.

शेवटी त्यानं मला कुर्नापाशी बसवलं, डोक्याला साबण लावला, माझे कान धरून आतून बाहेरून घासले, हनुवटी वर केली, मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली आणि पाणी ओतत राहिला. मी काहीच करत नव्हतो. पन्नाशीनंतर माणसाचं डोकं धरून फिरवणारं कोणी उरत नाही. घरात उरत नाही, ऑफिसात तर नाहीच. न्हावीसुद्धा "साहेब, जरा इकडे" म्हणतो. आपलं डोकं हे आपल्या मालकीचं झालेलं असतं आणि त्या मालकीचा आपल्याला केवढा भार झालेला असतो, हे असं कोणी कान धरल्याशिवाय कळत नाही.

बाहेर थंड दिवाणखान्यात मला तीन टॉवेलांत गुंडाळून बसवलं. एक टॉवेल कमरेला, एक खांद्यांवर, एक डोक्याला. हातात चहाचा छोटा पेला. समोर बँक मॅनेजर तशाच अवस्थेत. आम्ही दोघं निवृत्त पाशांसारखे दिसत होतो. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग ते म्हणाले, "गीझरनं हे झालं नसतं." पुढे त्यांनी सवलतीचा विषयही काढला नाही.

मार्क ट्वेन 1867 मध्ये इस्तंबूलला आला होता. पुस्तकांतून वाचलेला रेशमी, सुगंधी, स्वप्नाळू पौर्वात्य हमाम डोक्यात घेऊनच तो आत शिरला. 'द इनोसन्ट्स अब्रॉड' या 1869 च्या पुस्तकात त्यानं त्याचा पुरता पंचनामा केला आहे. कॉफी वाईट, हुक्का वाईट, एकूण सगळी शुद्ध फसवणूक, असा त्याचा निकाल. आंग्र या फ्रेंच चित्रकाराची तऱ्हा त्याच्या उलट. त्याचं 'तुर्की स्नान' हे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. गोल चौकटीत दाटीवाटीनं पहुडलेल्या स्त्रिया. 1862 मध्ये ते त्यानं वयाच्या 82 व्या वर्षी पुरं केलं, आणि तुर्कस्तानात तो जन्मात कधी गेला नव्हता. एकानं पाहिलं आणि त्याची निराशा झाली, दुसऱ्यानं पाहिलंच नाही आणि तो अजरामर झाला. प्रवासवर्णन लिहिणाऱ्यांनी यातून काय बोध घ्यायचा तो घ्यावा.

आंग्रनं आपली माहिती घेतली ती मेरी वर्टली माँटेग्यू या इंग्रज राजदूताच्या पत्नीच्या पत्रांतून. ती मात्र खरी गेली होती. 1717 मध्ये सोफिया शहरातल्या, म्हणजे तेव्हाच्या ऑटोमन मुलखातल्या, बायकांच्या हमामात. तिथल्या बायकांनी तिला आग्रह केला, तूही कपडे काढ. तिनं वरची वस्त्रं जरा सैल करून आतली घट्ट आवळलेली कॉर्सेट दाखवली. झालं. त्या बायकांची खात्री पटली की ही बिचारी या यंत्रात कुलूपबंद आहे, आणि कुलूप लावणारा तिचा नवरा आहे. हा किस्सा मी बायकोला सांगितला. ती म्हणाली, "मग काय चुकलं त्यांचं?"

बायको बायकांच्या बाजूनं बाहेर आली ती तासाभरात दहा वर्षांनी तरुण होऊन, आणि भरपूर माहिती घेऊन. नातिरबाईंना दोन मुली, थोरलीचं लग्न ठरतंय, नवरा काही करत नाही, गुडघे दुखतात. मला माझ्या तेल्लाकाचं नावही विचारायचं सुचलं नव्हतं.

"अगं, पण हे सगळं बोललात कुठल्या भाषेत?"

"ती तिच्या, मी माझ्या. अहो, तुमची पाठ केवढी लाल झालीय!"

"तुझी नाही झाली?"

"माझी कशाला होईल? मी 'अगं, हळू' म्हटलं. कळलं तिला."

यात नवल नाही. बायकांचा हमाम ही नुसती आंघोळीची जागा कधीच नव्हती. घराबाहेर पडायला फारशा सबबी नव्हत्या तेव्हा तिथे डबे घेऊन जायचं, दिवसभर बसायचं, गावभरच्या बातम्या घ्यायच्या. लग्नाआधी नवरीला मैत्रिणींसह वाजतगाजत हमामात नेत. बाळाच्या जन्मानंतर चाळिसाव्या दिवशी आईला आणि बाळाला नेत. आणि मुलासाठी सून शोधणारी आई तर मुद्दाम हमामात जाऊन बसे, कारण तिथे मुलगी जशी आहे तशी दिसते. कांदेपोह्यांपेक्षा ही पद्धत निश्चितच पारदर्शक म्हणायची. डोंबिवलीच्या काकू हे ऐकून थोड्या विचारात पडल्या. त्यांच्या मुलाचं लग्न व्हायचं आहे.

घरोघरी बाथरूम झाल्यावर इस्तंबूलकरांचं हमामात जाणं खूपच कमी झालं. कित्येक हमाम बंद पडले. हुर्रेम सुलतानचा तो सिनाननं बांधलेला हमाम बरीच वर्षं चक्क गालिचे विकण्याची जागा होती. दुरुस्त होऊन तो पुन्हा सुरू झाला 2011 मध्ये. मोठ्या नामवंत हमामांत आज दगडावर पसरलेली माणसं बहुतेक आपल्यासारखीच, कॅमेरा लॉकरमध्ये ठेवून आलेली. दर म्हणूनच युरोत असतात. त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. चारशे वर्षांचा घुमट गळू द्यायचा नसेल तर कोणीतरी आपली कातडी तिथे नेऊन द्यायलाच हवी.

तेव्हा जाणाऱ्यांसाठी थोडं. पॅकेजांची यादी लांबलचक असते. तेल, चिकणमाती, गुलाबपाणी वगैरे. साधं केसे आणि फेस घ्या, मूळ हमाम तेवढाच आहे. भरल्या पोटी जाऊ नका, पाणी पीत राहा, चक्कर आल्यासारखं वाटलं तर दगडावरून उठून बाहेर या, त्यात कमीपणा नाही. बक्षिशी तेल्लाकाच्या हातात द्या, काउंटरवर नको. हळू घासायला सांगायचं असेल तर मराठीत सांगा. खर्च वसूल होतो का, असं विचाराल तर होतो, आणि वर काही उरतंही. ब्लडप्रेशर असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. नुसता हुद्दा असणाऱ्यांनी कोणालाही न विचारता जावं.